घरातलं बोलणं एकटीने किती ओढायचं?

पत्र

ताई, मी नाशिकला राहते. वय 37. लग्नाला बारा वर्षं झाली, नऊ वर्षांची मुलगी आहे. मी एका पतसंस्थेत कामाला आहे, हे सातपूरला एका कारखान्यात सुपरवायझर आहेत. व्यसन नाही, हात उचलत नाहीत, पगार घरात देतात. त्यामुळे कुणाजवळ मन मोकळं करायला गेलं तर ‘तुला सुख बोचतंय’ असंच ऐकून घ्यावं लागतं. पण आमच्यात बोलणंच उरलं नाहीये. जेवताना मीच विचारते: मशीन सुरू झालं का, साहेब काय म्हणाले. तेवढ्यापुरतं सांगतात. मी माझं काही काढलं की ‘हं’. परवा म्हटलं, ‘अहो, सांगू का? मला आता वसुलीला बाहेर पाठवणार आहेत, भीती वाटतेय.’ तर म्हणाले, ‘हं. आमटीत मीठ कमी आहे.’ सिन्नरच्या मित्राशी मात्र फोनवर पाऊण पाऊण तास बोलतात. हल्ली मुलगीसुद्धा ‘बाबा, एक सांगू?’ असं विचारून मगच बोलते.

मी भांडले तेव्हा यांनी व्हॉट्सॲपवर आलेला मेसेज मला पाठवला. बायका दिवसाला वीस हजार शब्द बोलतात, पुरुष सात हजार, आणि यांचे सात हजार कंपनीतच संपतात म्हणे. सासूबाई म्हणतात, पुरुष असेच असतात. आमच्या महिला मंडळात आलेल्या वक्त्यांनीही सांगितलं की पुरुष माहिती देण्यासाठी बोलतात, बायका नातं जोडण्यासाठी. हा फरक मान्य करून टाका.

आणखी एक गोष्ट आहे, लिहायलाही लाज वाटते. दिवसभर शब्द नाही, आणि रात्री दिवा मालवला की यांना जवळ यायचं असतं. मी नको म्हटलं तर जबरदस्ती करत नाहीत, पण दोन-दोन दिवस फुगून बसतात. म्हणून पुष्कळदा मी हो म्हणते. मला काय आवडतं हे त्यांनी कधी विचारलं नाही, मीही कधी सांगितलं नाही. मी जास्त बोलते का? गप्प बसायला शिकू का?

— स., नाशिक

उत्तर

प्रिय स.,

नाही, तुम्ही जास्त बोलत नाही, आणि गप्प बसायला तर मुळीच शिकू नका. तुमच्या घरात बोलणं चालू ठेवायचं काम बारा वर्षं तुम्ही एकटीने केलंय. ते काम आहे हेच कुणाच्या लक्षात आलेलं नाही, म्हणून तुमचा थकवाही कुणाला दिसत नाही.

आधी तो शब्दांचा हिशेब निकालात काढू. वीस हजार आणि सात हजार हे आकडे कुणी मोजून काढलेले नाहीत. खरोखर मोजायचं काम अमेरिकेतल्या ॲरिझोना विद्यापीठातल्या मॅथियास मेल यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलं. अमेरिका आणि मेक्सिकोतल्या जवळजवळ 400 विद्यार्थ्यांच्या अंगावर छोटी यंत्रं लावून दिवसभरातल्या बोलण्याचे तुकडे त्यांनी टिपले. 2007 साली निष्कर्ष छापून आले: बायका आणि पुरुष, दोघेही दिवसाला साधारण 16,000 शब्द बोलतात. त्यातला सगळ्यात बोलका माणूस पुरुष होता आणि सगळ्यात अबोल माणूसही पुरुषच. 2025 मध्ये हीच मोजणी 2,000 हून जास्त लोकांवर पुन्हा झाली. तेव्हा 25 ते 64 या वयातल्या बायका पुरुषांपेक्षा दिवसाला सुमारे 3,000 शब्द जास्त बोलताना आढळल्या, बाकीच्या वयांत म्हणावा असा फरक नव्हता. हा फरक जन्मजात असता तर तो कॉलेजच्या मुलामुलींतही दिसला असता आणि सत्तरीतही. तो नेमका मुलं वाढवायच्या आणि घर चालवायच्या वयात का दिसतो, हे तुम्हाला मी वेगळं सांगायला नको. ‘डबा भरला का’, ‘औषध घेतलं का’, ‘बाईंनी काय सांगितलं’ हेही शब्दच आहेत.

आता ज्या संशोधनासाठी मी तुमचं पत्र निवडलं, त्याबद्दल. पामेला फिशमन या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी सत्तरच्या दशकात एक साधी गोष्ट केली. तीन जोडप्यांच्या घरात टेपरेकॉर्डर ठेवले आणि त्यांचं रोजचं बोलणं, स्वयंपाक करतानाचं, जेवतानाचं, झोपण्याआधीचं, असं 52 तास टिपून घेतलं. ही माणसं तरुण, शिकलेली. नवरे स्वतःला स्त्री चळवळीबद्दल सहानुभूती असलेले म्हणवणारे, बायकांपैकी दोघी उघडपणे स्त्रीवादी. म्हणजे बाईमाणसाने बोलू नये असं मानणारं त्यात कुणीच नव्हतं.

फिशमननी भांडणं शोधली नाहीत. विषय कोण काढतं आणि तो पुढे कोण नेतं, एवढंच त्या बघत बसल्या. त्यातल्या पाच तासांच्या टेपमध्ये 76 विषय निघाले. 47 बायकांनी काढले, 29 पुरुषांनी. पुरुषांचे 29 पैकी 28 विषय रंगले. बायकांचे 47 पैकी फक्त 17. आणि गंमत अशी की विषयांमध्ये काही फरक नव्हता. ऑफिस, मित्र, वर्तमानपत्रातली बातमी, हेच दोन्हीकडे. पुरुषाने काढलेला विषय रंगायचा कारण बायको तो उचलून धरायची, प्रश्न विचारायची. बायकोचा विषय पडायचा कारण समोरून कुणी उचलत नव्हतं.

तुमचं पत्र याच्याशेजारी ठेवून वाचा. ‘मशीन सुरू झालं का’ हा तुम्ही त्यांच्या विषयाला दिलेला हात आहे. ‘मला वसुलीला पाठवणार आहेत’ हा तुम्ही काढलेला विषय, आणि तो आमटीच्या मिठात गेला.

त्या टेपांतले प्रश्न मोजले तेव्हाही असंच निघालं. साडेबारा तासांच्या बोलण्यात 370 प्रश्न होते, त्यातले 263 बायकांचे. प्रश्न विचारला की समोरच्याला उत्तर देणं भाग पडतं, नुसतं वाक्य टाकलं तर ते हवेत विरूनही जाऊ शकतं. ज्याला आपल्या वाक्याला दाद मिळेल याची खात्री नसते तो प्रश्नाचा आधार घेतो. त्यातही एक खास प्रकार फिशमननी टिपला: ‘ठाऊक आहे का?’ असं आधी विचारून, समोरून ‘काय?’ आलं की मग मूळ गोष्ट सांगायची. लहान मुलं मोठ्यांशी असं बोलतात, कारण बोलायची परवानगी त्यांना आधी मिळवावी लागते. हे हार्वी सॅक्स नावाच्या अभ्यासकाने आधीच नोंदवलं होतं. त्या घरांतल्या सुशिक्षित बायका नवऱ्याशी तशाच बोलत होत्या. तुमचं ‘अहो, सांगू का?’ आणि मुलीचं ‘बाबा, एक सांगू?’ हे एकाच जातीचे प्रश्न आहेत. तुमच्या पत्रातलं हे वाक्य वाचून मी बराच वेळ थांबले होते. नऊ वर्षांच्या मुलीने घरातली रीत अचूक ओळखली आहे.

आणि ‘हं’. त्याचाही हिशेब त्या टेपांत आहे. दोन्हीकडून हुंकार होते, पण त्यांच्या जागा वेगळ्या. नवरा बोलत असताना बायको त्याच्या वाक्यांच्या मध्ये, तो श्वास घेतो तेवढ्या फटीत, ‘हं’, ‘अच्छा’ म्हणायची. तो हुंकार म्हणजे ‘ऐकतेय, पुढे बोल’. बायको बोलत असताना नवरा मध्ये गप्प असायचा आणि तिचं सगळं बोलून झाल्यावर शेवटी एक ‘हं’ टाकायचा. तो हुंकार म्हणजे विषय संपला. आज रात्री जेवताना जरा कान देऊन ऐका: तुमचा ‘हं’ कुठे पडतो, त्यांचा कुठे पडतो.

तीन जोडपी म्हणजे फारच थोडी, तीही गोरी अमेरिकन. त्यावरून जगातल्या सगळ्या नवऱ्यांवर शिक्का मारता येणार नाही, आणि मला तो मारायचाही नाही. पण पुढे 1991 मध्ये व्हिक्टोरिया डीफ्रान्सिस्को यांनी सात जोडप्यांचं घरातलं बोलणं असंच टिपलं, तिथेही बायका जास्त विषय काढत होत्या आणि प्रतिसाद न देणं पुरुषांकडून जास्त होत होतं.

मंडळातल्या वक्त्यांचं म्हणणं मला म्हणूनच पटत नाही. पुरुष फक्त माहितीपुरतं बोलत असते तर सिन्नरच्या मित्राशी पाऊण तास कसली माहिती दिली जाते? तुमच्या यजमानांना बोलता येतं, ऐकता येतं, दुसऱ्याचा विषय लांबवताही येतो. दिवसभर पंधरा-वीस माणसांकडून काम करून घेणाऱ्या सुपरवायझरला हे येत नाही असं कसं म्हणायचं? घरात ते करावं लागत नाही, कारण घरात तुम्ही आहात. ‘फरक मान्य करा’ हा सल्ला प्रत्येक वेळी बाईलाच का दिला जातो, हेही त्या वक्त्यांना विचारायला हवं होतं.

एकाने बोलण्यासाठी मागे लागायचं आणि दुसऱ्याने पळ काढायचा, यावरही भरपूर काम झालंय. कॅलिफोर्नियातल्या अँड्र्यू ख्रिस्टेन्सेन यांनी जोडप्यांना बोलायला बसवलं, एकदा बायकोला हव्या असलेल्या बदलावर, एकदा नवऱ्याला हव्या असलेल्या बदलावर. बायकोचा विषय असला की ती मागे लागायची आणि तो अंग काढून घ्यायचा. नवऱ्याचा विषय असला की हा फरक उरत नव्हता. पुढे दोन पुरुषांच्या आणि दोन बायकांच्या जोडप्यांतही हेच सापडलं: ज्याला जास्त बदल हवा तो मागे लागतो, ज्याचं आहे त्यात बरं चाललंय तो टाळतो. म्हणजे तुम्ही स्वभावाने किरकिऱ्या नाही आणि ते स्वभावाने मुके नाहीत. सध्याच्या व्यवस्थेत त्यांचं भागतंय, तुमचं भागत नाहीये.

मग करायचं काय? अबोला धरू नका. काही मैत्रिणी सांगतील, आठवडाभर तूही ‘हं’ म्हण, मग कळेल. त्यांना कदाचित काहीच कळणार नाही, उलट शांतता मिळाली म्हणून बरंच वाटेल, आणि मधल्या मध्ये मुलगी पिचेल. ‘तुम्ही कधी ऐकतच नाही’ असंही सुरू करू नका. खरं असलं तरी त्याला उत्तर एकच येतं: ‘परवाच तर ऐकलं.’

रविवारी सकाळी, चहा झाल्यावर, मुलगी खेळायला गेलेली असताना बसा. जेवताना नको आणि त्या ‘हं’ नंतर लगेच तर नकोच. आणि एकच प्रसंग धरून बोला. असं काहीसं: ‘परवा मी वसुलीचं सांगितलं तेव्हा तुम्ही मिठाचं बोललात. मला परक्या घरांच्या दारात उभं राहून पैसे मागायची भीती वाटते. तुम्ही माणसं हाताळता, मला तुमच्याकडून ऐकायचं होतं. तुमच्या मशीनचं मी रोज विचारते, कारण तुमचा दिवस कसा गेला हे मला कळावंसं वाटतं. माझा दिवस कसा गेला हे तुम्ही विचारावं असं मला वाटतं. रोज. मी आठवण करून देणार नाही.’

शेवटचं वाक्य गाळू नका. आठवण करून देणं हेसुद्धा कामच आहे, ते पुन्हा तुमच्याकडे आलं तर सगळं मूळ पदावर येईल. आणि मग खरंच आठवण करू नका. ते विसरतील, चार दिवस अवघडून काहीतरी विचारतील, ‘मग, वसुली कशी झाली?’ असं रिपोर्ट मागितल्यासारखं. तो प्रश्न कितीही ओबडधोबड असला तरी त्याला मनापासून उत्तर द्या. हा सराव त्यांना कुणी दिलेला नाही. आपल्याकडे मुलगा शाळेतून आला की ‘जेवलास का’ विचारतात, मुलीला ‘आज काय झालं गं’ विचारतात, आणि वर ‘आजीला पाणी दे, आजीशी बोल जरा’ हेही तिलाच सांगतात. ते या वळणावर वाढले हे समजून घ्या, पण ते समजून घेण्याचा अर्थ आणखी बारा वर्षं थांबणं असा नाही.

आता रात्रीचं. लाज वाटली तरी लिहिलंत, फार बरं केलंत. मराठीत हा प्रश्न छापून विचारायला सुरुवात होऊन जवळपास शंभर वर्षं झाली. र. धों. कर्व्यांनी 1927 मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढलं आणि 1953 मध्ये मृत्यू होईपर्यंत चालवलं. घरात ज्या गोष्टी उच्चारता येत नसत त्या लोक त्यांना लिहून विचारत आणि ते सरळ उत्तरं देत. 1934 मध्ये अशाच उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. कर्वे खटला हरले, दंड भरला, पण मासिक चालूच ठेवलं. शरीरसुखावर बाईचा पुरुषाइतकाच हक्क आहे असं कर्वे त्या काळात लिहीत होते. तुम्ही मला लिहिलंत त्यात लाजण्यासारखं काही नाही.

दिवसाचं आणि रात्रीचं हे दोन वेगळे प्रश्न नाहीत. दिवसभर ज्याने आपला एकही विषय उचलला नाही, त्याचा हात अंधारात अंगावर आला तर अंग आक्रसतं, यात तुमचं काही बिघडलेलं नाही. त्यांना हे दिसत नसेल, कारण त्यांच्या मते तो दिवस छान गेला. पोटभर जेवण झालं, भांडण नाही, मुलगी झोपली. ते जवळ येतात ते कदाचित त्यांच्या माहितीतला आपुलकीचा एकमेव रस्ता म्हणून. हे मी त्यांची बाजू घेऊन सांगत नाही, तुम्हाला त्यांच्याशी बोलताना उपयोगी पडावं म्हणून सांगते.

फुगून बसायची भीती म्हणून दिलेला होकार हा होकार नव्हे. हे त्यांना सांगावंच लागेल, आणि तेही दिवसा. अंथरुणात नको, कारण तिथे काहीही बोललं तरी ते नकारासारखंच ऐकू येतं. ‘मी नको म्हटलं की तुम्ही दोन दिवस बोलत नाही, म्हणून मी पुष्कळदा मन नसताना हो म्हटलंय’ हे ऐकून त्यांना धक्का बसेल. बसू द्या. बायकोच्या मनात नव्हतं हे कळलं तर बऱ्याच नवऱ्यांना खरोखर वाईट वाटतं, अडचण एवढीच की त्यांना ते कुणी सांगितलेलं नसतं. कॅनडातल्या सँड्रा बायर्स यांनी वर्षानुवर्षं एकत्र असलेल्या जोडप्यांचा अभ्यास केला. जोडीदाराला काय आवडतं याचा लोकांना बऱ्यापैकी अंदाज असतो, काय आवडत नाही याचा फारच कमी, असं त्यात दिसलं. लग्नाला इतकी वर्षं झाली की समोरच्याला आपोआप कळतं, ही समजूत सोडून द्या.

तुम्हाला काय आवडतं हे सांगायला फार शब्द लागत नाहीत. ‘हे असंच’, ‘हे नको’, ‘सावकाश’, ‘आज नुसतं जवळ झोपू या’. एवढ्याने सुरुवात होते. तुम्हाला स्वतःलाच नीट ठाऊक नसेल तर तेही सांगता येतं, ‘मला अजून कळलेलं नाही, आपण बघू या.’ मात्र काही काळ थांबावंसं वाटत असेल तर थांबा. आधी जेवणाच्या ताटावरचं बोलणं सुरू होऊ दे. संबंधाच्या वेळी दुखत असेल तर ते सोसायचं नसतं, स्त्रीरोगतज्ज्ञाला दाखवा. आणि जबरदस्ती होत नाही असं तुम्ही लिहिलंय ते मी खरं धरते. ते कधी बदललं तर नवऱ्याकडून होणारा लैंगिक छळ 2005 च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यात मोडतो आणि 181 या महिला हेल्पलाइनवर फोन करता येतो, एवढं लक्षात असू द्या.

मुलीसाठी मात्र रविवारची वाट बघू नका. ती ‘एक सांगू?’ म्हणाली की ‘सांग ना, विचारतेस कशाला’ म्हणा, तुमच्यापुरतं. आणि बाबांनी तिचा विषय ‘हं’वर सोडला तर ‘तिचं बोलणं राहिलंय’ एवढंच म्हणून थांबा. तिच्या वतीने गोष्ट तुम्ही पुरी करू नका.

रविवारचं बोलणं फिसकटलं, ते उठून गेले, तर महिन्याभराने पुन्हा एकदा बसा. तेव्हाही तसंच झालं तर जोडप्यांसोबत काम करणाऱ्या समुपदेशकाकडे जाऊ या असं सुचवा. ते यायला तयार नसतील तर तुम्ही एकट्या जा, एकटीला भेटायलाही तिथे हरकत नसते. जाताना हेच पत्र बरोबर न्या. तुम्ही ते इतकं नेमकं लिहिलंय की पहिल्या भेटीतला अर्धा वेळ वाचेल.

वसुलीबद्दल मला विचारलं नाहीत, तरी सांगते: एकटीला पाठवू नका, सोबत एक सहकारी द्या, असं पतसंस्थेला लेखी कळवा आणि अर्जाची पोच घ्या.

तुमची,
ताई